डोंगराला रस्ता आहे, वाट कुठं आहे?

रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या आमच्या टोळक्यात गेले काही आठवडे एकच वाद पेटलाय. जोतिबा ते पन्हाळा रोपवे व्हावा का, पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारापर्यंत गाड्यांची सोय वाढवावी का, आणि पावसाळ्यातल्या रविवारी उसळणाऱ्या गर्दीचं काय करावं. वाद नवा नाही. रोपवेची चर्चा कोल्हापुरात अधूनमधून उगवते आणि मावळते. पण जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले त्यात पन्हाळा आला, आणि तेव्हापासून या बोलण्याला नवा जोर चढलाय. एक बाजू म्हणते, "करा की! जगभरातनं लोक येणार, त्यांना काय घाम गाळत चढवणार?" दुसरी म्हणते, "बंदच करून टाका. शनवार-रविवार गाडी सोडूच नका वर. बाटल्या फोडतात, गाणी लावतात, डोंगर नासवला पार." आवाज चढतात. कुणी कुणाला 'पर्यावरणवाला' म्हणून हिणवतं, कुणी कुणाला 'बिल्डरचा माणूस' म्हणून. मग मिसळ येते आणि वाद दुसऱ्या दिवसापर्यंत मिटतो.

मी या वादात बराच काळ गप्प होतो, कारण मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटत होतं. नंतर लक्षात आलं की खटकतंय ते वेगळंच आहे. ही दोन्ही माणसं एका गोष्टीवर पूर्ण सहमत आहेत: डोंगरावर जाणं म्हणजे गाडीनं जाणं. एकाला गाडी वर न्यायची आहे, दुसऱ्याला ती खाली अडवायची आहे. पाय कुणाच्याच हिशेबात नाहीत. रोपवेच्या पाळण्यात बसलेला माणूस आणि नाक्यावरून परत पाठवलेला माणूस यांच्यामध्ये चालत जाणारा माणूस असतो, त्याच्यासाठी वाट लागते, आणि ती वाट राखावी लागते, हे या अख्ख्या चर्चेत एकदाही आलेलं मी ऐकलं नाही. माझं म्हणणं सरळ आहे. डोंगरासाठी जो पहिला रुपया खर्च होईल तो पायवाटेवर व्हावा. डोंगरावर जाणारी प्रत्येक जुनी वाट सरकारी कागदावर सगळ्यांची वाट म्हणून नोंदली जावी. रोपवे, पार्किंग, बंदी, प्रवेश फी, यांचं काय करायचं ते त्यानंतर ठरवा.

गाडीनं जोतिबाला शंभर वेळा गेलेल्या माणसाला मी एकदा पोहाळ्याच्या बाजूनं चालत घेऊन गेलो. दसऱ्याच्या आधीचा रविवार होता. गाव मागं पडलं की उसाची शेतं संपतात, बांधावरची बाभळ संपते आणि काळा दगड पायाखाली येतो. थोड्या अंतरावर लेणी लागतात. बेसाल्टमध्ये कोरलेलं खांबांचं दालन आणि त्याच्या कडेनं खोल्या. आत गारवा, वटवाघळांचा वास, आणि कोपऱ्यात कुणीतरी नुकताच लावलेला उदबत्तीचा पुडा. माझा सोबती कोल्हापुरात जन्मलेला, वय पन्नास, दर चैत्राला गुलालात न्हालेला. "हे इथं आहे?" एवढंच तो म्हणाला. लेणी कोरणारी माणसं ती वस्तीपासून थोडी लांब पण जाण्यायेण्याच्या वाटेजवळ कोरत. भिक्षेला उतरायचं असे, वाटसरूनं वर यायचं असे. म्हणजे ज्यांनी ती कोरली त्यांनी तिथं येणाऱ्या पायांचा विचार केलेला होता. आज जोतिबाचा घाटरस्ता वळणं घेत वर जातो आणि गाडीतल्या माणसाला ही लेणी दिसत नाहीत. पाटी दिसली तरी कोण थांबतं? वर पार्किंग मिळायचं असतं.

लेण्यांच्या वर वाट गवतात शिरते. कुसळी सॉक्समध्ये घुसतात. सोनकीचा पिवळा पट्टा उतारावर आडवा पसरलेला असतो, तेरडा सरत आलेला असतो, आणि जिथं गुरं चरत नाहीत तिथं रानमोडी या परक्या तणानं डोकं वर काढलेलं असतं. अर्ध्या चढावर दम लागतो म्हणून माणूस मागं वळतो, आणि दम लागला नसता तर तो वळला नसता हे मला महत्त्वाचं वाटतं. मागं वळल्यावर दक्षिणेला पंचगंगेचं खोरं दिसतं, उसानं काठोकाठ भरलेलं. पश्चिमेला पन्हाळ्याची लांबलचक पाठ. माथ्यावर गेलं की उत्तरेला वारणेचं खोरं उघडतं. आपण ज्या दोन नद्यांच्या पुराची बातमी दर जुलैत वाचतो त्यांच्या मधल्या वरंब्यावर उभे आहोत, हे तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जोतिबाच्या देवळाला आपण वाडी रत्नागिरीचं देऊळ म्हणून ओळखतो, चांगभलं म्हणतो, राणोजी शिंद्यांनी १७३० च्या सुमारास आजचं देऊळ बांधलं हेही कुणीतरी सांगतं. पण ते देऊळ नेमकं याच डोंगरावर का, याचं उत्तर पायानं मिळतं. सासनकाठ्या, देवाच्या त्या उंच निशाणकाठ्या, आजही गावोगावाहून चालत येतात त्याचं कारण निव्वळ परंपरा नसावं.

इथं कुणी म्हणेल, हे सगळं तुमचं काव्य झालं, ज्याला वेळ आहे त्याचं. ठीक आहे. मग विरोधातले मुद्दे त्यांच्या पूर्ण ताकदीनिशी घेऊ.

पहिला आणि सगळ्यात वजनदार मुद्दा धनगरवाड्यांचा. मसाई पठाराच्या आजूबाजूला, शाहूवाडी-पन्हाळ्याच्या कडेकपारीत, गगनबावडा-राधानगरीच्या रानात अशा वस्त्या आहेत जिथं आजारी माणसाला, अडलेल्या बाईला घोंगड्याच्या झोळीत घालून चौघांनी खाली आणावं लागलंय. अशा घरातल्या माणसासमोर उभं राहून "रस्ता नको, पायवाट जपा" म्हणण्याची माझी हिंमत नाही आणि तसं म्हणणं पाप आहे. वस्तीला रस्ता हवाच. कालच हवा होता. पण जरा नीट बघा, वस्तीचा रस्ता मागताना धनगरवाड्याचं नाव पुढं केलं जातं आणि प्रत्यक्षात रस्ता जातो कुठं? बहुतेक वेळा जिथून सूर्यास्त चांगला दिसतो तिथं. वस्ती राहते अर्धा मैल बाजूला, तिच्या वाट्याला येते मुरमाची फांदी, तीही पहिल्या पावसात वाहून जाते. दवाखान्याच्या गाडीला लागणारी रुंदी वेगळी आणि रविवारी तीनशे गाड्यांना लागणारी रुंदी वेगळी. पहिल्यासाठी कुणाचाच विरोध नाही. दुसरी गोष्ट पहिलीच्या नावावर खपवू नये, एवढंच मागणं आहे. आणि खुद्द त्या वस्तीतली माणसं रोज काय वापरतात? रस्ता झाल्यावरही शेळ्या वाटेनंच जातात, बायका सरपणाला वाटेनंच जातात, पोरं शाळेला आडवाटेनं उतरतात, कारण रस्ता वळसे घेतो आणि पोरं घेत नाहीत.

दुसरा मुद्दा गुडघ्यांचा. माझ्या आईनं वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत जोतिबाला चालत खेटे घातले. शेवटची दहा वर्षं ती गाडीतून गेली, आणि गाडी नसती तर देवाचं दर्शन झालं नसतं. अपंग माणसाला, म्हाताऱ्या माणसाला, लेकुरवाळ्या बाईला डोंगर बघायचा हक्क नाही का? आहे. म्हणून जोतिबाचा, पन्हाळ्याचा रस्ता उखडा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. रोपवेलाही माझा तात्त्विक विरोध नाही. रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे आणि चौदाशेच्या वर पायऱ्यांची वाट तिथं मेलेली नाही. लोक अजून चढतात. का? कारण ती वाट सांभाळली गेली, तिला मान आहे, तिच्यावर दरवर्षी राज्याभिषेक दिनाला माणसं लोटतात. म्हणजे रोपवे वाटेला मारत नाही, दुर्लक्ष मारतं. पण मग हा युक्तिवाद पुरा करा की. रोपवेच्या आराखड्यात खालच्या स्टेशनपासून वरपर्यंतच्या पायवाटेचा खर्च धरलाय का, हा प्रश्न आमच्या रंकाळ्याच्या कट्ट्यावर तरी कुणी विचारलेला नाही. २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'पर्वतमाला' नावानं रोपवेची देशपातळीवरची योजना आली. वाटांसाठी अशी एखादी योजना कुणाच्या स्वप्नात तरी आलीय का?

(शिवाय गुडघ्यांची ढाल करणारे लोक बहुतेक तिशीतले असतात, हे जाता जाता.)

तिसरा मुद्दा माझ्याच बाजूला टोचणारा आहे. चालणारे काय संत असतात? नसतात. दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात. १६६० च्या जुलैत, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज ज्या पावसाळी रात्री निसटले, ज्या वाटेवर बाजीप्रभू आणि बांदल मावळे पडले, ती वाट चालायची म्हणून हजारो पोरं येतात. मी तीनदा चाललोय. मसाई पठारावर धुकं, गुडघाभर चिखल, ओढ्यातून दोर धरून जाणं, रात्री शाळेच्या वर्गात ओल्या कपड्यांवर झोपणं, यातलं काहीच विसरण्यासारखं नाही. पण दुसऱ्या दिवशी वाटेकडे मागं वळून बघितलं तर बिस्किटाचे कागद, पाण्याच्या बाटल्या, फाटके रेनकोट. आणि चिखल टाळायला प्रत्येकजण कडेनं चालल्यामुळे दोन फुटांची वाट वीस फुटांची झालेली. गवत तुडवलेलं, माती उघडी पडलेली. पुढच्या पावसात ती माती ओढ्यात. म्हणजे चालण्यानंही डोंगर झिजतो, आणि गर्दीनं चाललं तर चांगलाच झिजतो.

हे मान्य केल्यावर मी कुठं पोचतो? "चालणंही बंद करा" इथं नाही. वाट ही बांधण्याची, राखण्याची वस्तू आहे, इथं. आपण वाटेला निसर्गात आपोआप उगवलेली गोष्ट समजतो. आमच्या बापजाद्यांनी तसं समजलं नाही. जुन्या घाटवाटा बघा: जिथं चढ तिथं दगडी पायऱ्या, जिथं पाणी आडवं येतं तिथं दगडांची मोरी, जिथं धार तुटते तिथं कठडा. पावसाचं पाणी वाटेवरून न धावता बाजूला काढून देणं हा सगळा खेळ आहे, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही. गवंडी लागतो, पहार लागते, दरवर्षी ज्येष्ठाच्या आधी चार दिवस लागतात. आपल्या डोंगरांना तर याची जास्तच गरज. पन्हाळा काय, मसाई काय, वर जांभ्याचं टोपरं आणि खाली बेसाल्ट. जांभा पाणी पितो, ते खाली झिरपतं, आणि जिथं जांभा संपून खालचा घट्ट थर लागतो तिथं झऱ्यांच्या रूपानं बाहेर पडतं. डोंगराच्या कडेची गावं याच झऱ्यांवर जगली. पण रुंद रस्त्यासाठी कड तासली की नेमका हाच ओला सांधा उघडा पडतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि गडाची वाहतूक बंद पडली, ते आपल्या डोळ्यांसमोर झालं. तेव्हा आपण काय शिकलो? रस्ता आणखी मजबूत कसा करायचा, एवढंच. गडावर जायला दुसरी कुठली सुस्थितीतली वाट आपण ठेवलीय का, हा प्रश्न पुन्हा राहून गेला.

पन्हाळ्याच्याच बाबतीत इतिहासाचा एक टोला आहे. आज ज्या बाजूनं गाडी गडात शिरते तिथं चार दरवाजा होता. १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ला राखणाऱ्या शिबंदीच्या, बंडानंतर इंग्रजांनी तो पाडला. म्हणजे आपण ज्याला गडाचं स्वागतद्वार समजून सेल्फी काढत आत जातो ती खरं तर पराभवाची जखम आहे. तीन दरवाज्याच्या बाजूनं पायी आलेल्या माणसाला मात्र गड काय होता ते कळतं: वाट वळते, अरुंद होते, वरून कुणीतरी आपल्याला बघत असणार असं वाटायला लागतं, आणि मग एकामागून एक दारं. वास्तू पायानं येणाऱ्या माणसासाठी रचलेली आहे. तिला गाडीतून बघणं म्हणजे पुस्तक शेवटच्या पानापासून वाचणं.

काहीजण या वादात रामचंद्रपंत अमात्यांचा दाखला देतात. मराठेशाहीतल्या या अमात्यांच्या आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथात गडाभोवतीची झाडी राखायला, गडाच्या वाटा फार सोप्या न ठेवायला सांगितलंय, अमात्यांची समाधी पन्हाळ्यावर आहे, तेव्हा बघा, आमचे पूर्वज पर्यावरणवादी होते! हा युक्तिवाद माझ्या बाजूचा असूनही मला तो चालत नाही. अमात्यांना फुलपाखरांची काळजी नव्हती, शत्रूची होती. आज वर येणारा माणूस शत्रू नाही, पाहुणा आहे. पण त्यांच्या विचारातला एक धागा मला अजूनही खरा वाटतो. डोंगरावर माणूस कसा पोचतो यावर डोंगराचं भवितव्य ठरतं, म्हणून वाटेचा निर्णय हा राज्यकर्त्यानं डोकं लावून घ्यायचा निर्णय आहे, ठेकेदारावर सोडायचा नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता कागदाकडे येतो, कारण खरी लढाई तिथं आहे आणि तिथं कुणीच नाही. आपल्या गावनकाशात वाटांच्या जाती आहेत. गावरस्ता वेगळा, गाडीमार्ग वेगळा, आणि पायमार्ग वेगळा. पायमार्ग तुटक एकेरी रेघेनं दाखवतात आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. सव्वाआठ फूट! ब्रिटिश काळातल्या मोजणीदारांनी पायी चालणाऱ्या माणसाला एवढी ऐसपैस जागा कागदावर दिली होती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमानं सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा राज्याच्या मालकीच्या ठरतात. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली शेताच्या, कुरणाच्या वाटेतला अडथळा तहसीलदार काढून देऊ शकतो. महसूल संहितेच्याच १४३ व्या कलमानं बांधावरून वाट मिळते. कायदा मुका नाही. पण यातली बहुतेक हत्यारं शेतकऱ्याच्या हातात आहेत, त्याच्या स्वतःच्या शेतापुरती. पंधरा गावांची माणसं ज्या वाटेनं डोंगरावर जातात तिची तक्रार कोणी करायची? ती सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. आणि ज्या वाटा मोजणीच्या वेळी नकाशात आल्याच नाहीत, गायरानातून, पडीतून, धनगरांच्या पायाखालून गेलेल्या, त्या तर हवेतच आहेत. सरकारनं २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली, चांगलं केलं. ऊस निघायला ट्रॅक्टरला रस्ता लागतो. पायमार्गाच्या तुटक रेघेकडे मात्र अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

इंग्लंडात ही लढाई उघड्यावर झाली. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरच्या बाजूचे काही शे कामगार तरुण किंडर स्काउट नावाच्या पठारावर चालत घुसले. पठार जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेलं, सामान्य माणसाला तिथं पाय ठेवायची मुभा नव्हती. पुढारी बेनी रॉथमन जेमतेम विशीचा. रखवालदारांशी झटापट झाली, पाचजण तुरुंगात गेले. पण १९४९ साली तिथं कायदा झाला, आणि स्थानिक प्रशासनांना आपल्या भागातल्या सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे करणं भाग पडलं. आज इंग्लंड-वेल्समध्ये अशा नोंदलेल्या वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत. शेतकऱ्याच्या शेतातून गेलेली वाट असली तरी तिथं दार असतं आणि चालणारा दार लावून पुढं जातो. त्यांचं सगळं उचलावं असं नाही. आपली गोष्ट तर उलटी आहे. त्यांचा डोंगर बंद होता, तो त्यांनी उघडला. आपला उघडाच होता. डोंगर कुणाचा असं विचारायची आपल्याला कधी गरज पडली नाही. तो आता गाजावाजा न होता, गुंठ्या-गुंठ्यानं, फार्महाऊसच्या कुंपणानं बंद होतोय. उघडा डोंगर बंद होताना मोर्चा निघत नाही.

घरच्या घरी उदाहरण हवं असेल तर पालखी मार्ग बघा. आळंदी-पंढरपूर महामार्ग रुंद करताना वारकऱ्यांसाठी कडेनं वेगळा चालण्याचा पट्टा धरला गेला. चालणाऱ्याचा विचार महामार्गाच्या आराखड्यातसुद्धा करता येतो, चालणाऱ्यांच्या पाठीशी वजन असलं तर. जोतिबाच्या सासनकाठीमागं ते वजन नाही का? पावनखिंडीच्या वाटेमागं नाही? ज्या वाटेवरून आपल्या अर्ध्या घोषणा निघतात तिचे काही टप्पे आज सिमेंटखाली गेलेत. मोहिमेतली पोरं तिथं बूट आपटत चालतात आणि गुडघे धरून बसतात.

राहिला रोजगाराचा मुद्दा. गाडी आली की पैसा येतो, हे खरं. पण तो कुठं उतरतो? गाडी खालच्या गावातून ऐंशीच्या वेगानं जाते आणि वर पार्किंगला थांबते. पैसा माथ्यावरच्या दहा टपऱ्यांत आणि एखाद्या रिसॉर्टात जातो. चालणारा माणूस खालच्या गावात चहा घेतो, अर्ध्या चढावर ताक पितो, वर भाकरी खातो, उतरताना पुन्हा तहानलेला असतो. पुण्याच्या सिंहगडाला हे रोज घडतं: आतकरवाडीच्या वाटेनं पहाटेपासून लोक चढतात आणि त्या वाटेवरच्या दही-ताक-पिठल्याच्या टोपल्यांवर कितीतरी घरं चालतात. त्याच सिंहगडावर २०२२ मध्ये खासगी गाड्या थांबवून ई-बस सुरू केल्या, आणि काही दिवसांतच त्या गुंडाळाव्या लागल्या. ज्याला गाडीनंच जायचं आहे त्याला दुसऱ्या गाडीत बसवणं सोपं नसतं. वाट मात्र तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालूच आहे. आमच्याकडे कुशिऱ्याच्या, पोहाळ्याच्या, गिरोलीच्या पोरांनी जोतिबाच्या वाटेवर असं काही का करू नये? करतील. पण आधी वाट हवी, वाटेवर एक साधा दगडी खुणेचा खांब हवा, आणि पाण्याची एक टाकी.

बंदीवाल्यांसाठी मी फार जागा खर्च करणार नाही. धबधब्यात कुणी बुडालं की प्रशासन महिनाभर सगळ्या डोंगरांवर जमावबंदी लावतं. जीव वाचत असेल तर लावा, मी आडवा येणार नाही. पण या बंदीत दारू पिऊन धबधब्यात उतरणारा आणि पहाटे पाचला काठी घेऊन गवतातून चढणारा म्हातारा एकाच पोत्यात जातात. वणवा पेटतो तेव्हा पहिल्यांदा कुणाच्या नजरेला पडतो? त्या म्हाताऱ्याच्या, गुराख्याच्या. फेब्रुवारी-मार्चला आमचे उतार काळे पडतात तेव्हा गाडीरस्त्यावरून त्याचा फोटो निघतो, विझवायला मात्र वाट माहीत असलेला माणूस लागतो. ज्या डोंगरावर कुणीच चालत नाही त्याला राखणारंही कुणी नसतं. पठाराजवळच्या एका धनगर मामांनी मला सांगितलं होतं, "गुरं बंद झाली की दोन पावसाळ्यात वाट बुजती बघा. मग रानमोडी. मग आमालाबी जाता येत न्हाई." मसाई पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालाय. त्याचा अर्थ तिथून मामांना हाकलणं असा कुणी लावू नये.

हे सगळं लिहायला मी बसलो त्याचं तात्कालिक कारण एक तार आहे. आमच्या नेहमीच्या एका वाटेवर, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, दिवाळीनंतर काटेरी कुंपण आलं. आतल्या बाजूला शहरातल्या कुणाचा तरी प्लॉट. मी कार्यालयात जाऊन नकाशा बघितला. तुटक एकेरी रेघ होती, अगदी तिथूनच. तिथल्या भाऊसाहेबांनी चष्मा वर करून मला विचारलं, "कुठल्या शेताला जायचंय तुम्हाला?" म्हटलं, शेत नाही, डोंगराला. "मग रस्त्यानं जावा की. डांबरी झालाय ना?" मी अर्ज दिला, पोच घेतली. सहा महिने झाले.

गेल्या रविवारी आम्ही सहाजण पुन्हा त्या बाजूला गेलो, निदान कुंपणाच्या कडेकडेनं कुठं जाता येतं का बघायला. तार तशीच ताठ होती. पण एका जागी खालची माती उकरलेली, वरचा काटा कुणीतरी दगडानं दाबून वाकवलेला, आणि त्याला शेळीचे काळे केस अडकलेले. आम्ही सॅक आधी सारल्या, मग एकेकजण आडवा झाला.